टोपीवाल्याचं उन्हाळं आणि माझी पायरी

सन २००५. माझं वय कागदावर एकाहत्तर, आई सांगायची त्या हिशोबाने त्र्याहत्तर. शाळा तिसरीपर्यंत, तीही मधल्या सुट्टीपर्यंत. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी चुका काढत बसायला नको. लिहिलं आहे मी माझ्या हाताने. पुतण्या बाळूने फक्त ऱ्हस्व-दीर्घ पाहिले, आणि दोन ठिकाणी शहाणपणा करायला गेला तो मी खोडला.

आमच्या कोकणातल्या वाडीत गरम पाण्याचा झरा आहे. त्याला आम्ही उन्हाळं म्हणतो. बांधलेलं कुंड, उतरायला सात पायऱ्या. बेचाळीस वर्षं ते मी सांभाळतो. दर सोमवारी पाणी सोडायचं, नारळाच्या सोडणाने आणि राखेने पायऱ्या घासायच्या, आणि आलेल्या माणसांवर ओरडायचं. आधी बाहेर तीन तांबे अंगावर घ्या, मग आत उतरा. साबण लावू नका. लुगडी पिळू नका. ओरडणं हे निम्मं काम आहे.

कुंडाचा आणखी एक नियम आहे, तो लक्षात ठेवा. काठावर खोटं बोलायचं नाही. बोललं तर दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन एक पायरी घासून द्यायची. कोणी पकडलं नसलं तरी द्यायची, कारण पाण्याने ऐकलेलं असतं. आमच्या सरपंचानेही घासली आहे. दोनदा. माझा मुलगा संजय आठवीत असताना एका आठवड्यात पाच पायऱ्या घासून बसला होता. तो इंजिनिअर झाला तो त्यानंतर.

फ्रिस्को

संजय टेक्सासात फ्रिस्को म्हणून गाव आहे तिथे राहतो. सून मेघना, नागपूरची. ती पण कंप्युटरातच. माझी बायको गेल्याला सहा वर्षं झाली, मी घरात एकटा, म्हणून दोघांनी मला तीन महिन्यांसाठी बोलावून घेतलं. कुंड बाळूच्या ताब्यात दिलं आणि गेलो.

गावाला नावं ठेवायची नाहीत असं ठरवून गेलो होतो, पण गाव दिसलं तरच न ठेवणार. नुसती घरं. सगळी एकाच साच्यातून काढलेली. मी एकदा फिरून आलो आणि दुसऱ्याच घराची घंटा वाजवत उभा राहिलो. आतला माणूस बाहेर येईना, मी जाईना. शेवटी मेघना गाडी घेऊन शोधायला निघाली तेव्हा पत्ता लागला की आपलं घर मागच्या गल्लीत आहे. माणूस रस्त्यावर दिसत नाही. गवत मात्र सगळीकडे, आणि ते वाढलं की कापून फेकून देतात. गुरं नाहीत. मी संजयला म्हटलं, मग वाढवता कशाला.

माझं परतीचं तिकीट वीस ऑक्टोबरचं. सप्टेंबर अर्धा झाला तशी संजयने जेवताना गोष्ट काढली.

"बाबा, तिकीट कॅन्सल करू या. तुम्ही इथेच राहा. कायमचे."

"आणि उन्हाळं?"

"बाळू बघतोय ना."

"बाळू पाण्याकडे बघतो. पायऱ्यांकडे बघत नाही."

चार दिवस हेच चाललं. तो म्हणायचा गुडघा, मी म्हणायचो उन्हाळं. माझा डावा गुडघा गेलेला आहे हे खरं. चार वर्षं मला उकिडवं बसता येत नव्हतं, हातात काठी आली होती. पण गुडघा गेला म्हणून माणसानेही जायचं, असं कुठे आहे? शेवटी मेघना वैतागली.

"बाबांना उन्हाळंच हवंय ना? मग इथे पण आहेत. कोलोरॅडोत माउंटन्समध्ये हॉट स्प्रिंग्ज आहेत. जाऊन येऊ."

संजयचे डोळे चमकले. तो म्हणाला, "बाबा, पैज. तिथलं पाणी आपल्यापेक्षा बरं निघालं तर तुम्ही राहायचं. नाही निघालं तर मी स्वतः एअरपोर्टवर सोडीन आणि परत विषय काढणार नाही."

"ठरवणार कोण?"

"तुम्हीच ठरवा. तुमच्याइतकं उन्हाळं कोणाला कळतं? आणि पाण्यापाशी तुम्ही खोटं बोलणार नाही."

तेव्हा मला हे बोलणं फार आवडलं.

वर जाताना

दीड दिवस गाडीत बसलो. पहिला दिवस सपाट जमीन, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, तिथे देवानेही काही केलेलं नाही. दुसऱ्या दिवशी डोंगर सुरू झाले ते मात्र डोंगर होते, मी नाही कशाला म्हणू? पांढऱ्या खोडाची झाडं, पानं हळदीसारखी पिवळी, आणि वाऱ्यावर सगळी एकदम थरथरणारी. वर माथ्यावर बर्फ. शेवटचा रस्ता मातीचा. गाडी खड्ड्यात आपटली तसं मला जरा बरं वाटलं. एवढे दिवस रस्त्यात खड्डा नाही म्हणजे आपण कुठे आहोत हेच कळत नव्हतं.

"बाबा, हे रिसॉर्ट रस्टिक आहे हं," संजय म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे साधं. लाकडाची केबिन. लाइट नाही, कंदील. लाकडाची शेगडी. संडास बाहेर. फोन लागत नाही."

"आणि याचे पैसे आपण देणार की ते आपल्याला देणार?"

मेघना हसली, संजय हसला नाही. मी साठ वर्षं रस्टिकच होतो. मला कोणी सांगितलं नव्हतं.

पहिला दिवस

फाटकातून आत शिरलो तर समोरून एक म्हातारा आला. माझ्याच वयाचा, पांढरी दाढी पोटापर्यंत, डोक्यावर रुंद काठाची टोपी. बाकी अंगावर काही नाही. काही नाही म्हणजे काहीच नाही. त्याने संजयशी हात मिळवला, माझ्याशी हात मिळवला, आणि मेघनाकडे वळला तोवर ती गाडीत बसून काच वर करून मोकळी झाली होती.

हा मालक. नाव रॉय. त्याच्या मागे वर दगडी कुंड दिसत होतं, त्यात आठ-दहा बायका-पुरुष. सगळे चाळिशीच्या पुढचे, सगळे मालकासारखेच, फक्त टोपी नाही.

गाडीतून आवाज आला. "संजय, तू वेबसाइट वाचली नव्हतीस का?"

"वाचली होती. कपडे ऑप्शनल लिहिलं होतं."

"मग?"

"मला वाटलं, ज्याला हवं त्याने काढावेत. सगळेच काढतात हे मला काय माहीत, यार."

तो परत फिरायला निघाला. मीच नाही म्हटलं. दीड दिवस हाडं खिळखिळी करून घेतलेली, आता पाण्याला पाय न लावता परतलो तर पैज कोण जिंकला? मेघनाने मात्र तोड काढली. कुंडाच्या कठड्यापाशी खुर्ची टाकली आणि आमच्याकडे पाठ करून डोंगर बघत बसली. दोन दिवसांत तो डोंगर तिने जेवढा पाहिला तेवढा त्याच्या मालकानेही पाहिला नसेल.

केबिनपासून कुंडापर्यंत चढाव. लाकडाच्या पायऱ्या ठोकल्या आहेत, त्रेचाळीस मोजल्या. हवा विरळ, संजय दोनदा थांबला. तो रोज मशीनवर पळतो, जागच्या जागी. मी काठी टेकत चढलो, गुडघा प्रत्येक पायरीला बोलत होता, मी त्याला उत्तर दिलं नाही.

मी लंगोट नेसलो होतो. वाडीत लंगोटावर फिरलो तर बायका तोंड फिरवतात. इथे त्या सगळ्या जमावात सगळ्यात जास्त कपडे घातलेला माणूस मी होतो. मला सुटाबुटात लग्नाला आल्यासारखं वाटलं.

आधी काठावर उभं राहून तीन तांबे अंगावर घेतले. तांब्या घरचाच, पेटीतून आणलेला. सगळे बघायला लागले. मी संजयला म्हटलं, "यांना विचार, आत उतरायच्या आधी कोणी अंग धुतलं का?"

"बाबा, जाऊ द्या."

"विचार."

त्याने काहीतरी विचारलं. त्यांनी माना डोलावल्या, हसले. काय विचारलं देव जाणे, पण धुतलेलं कोणीच दिसत नव्हतं. मग पायऱ्या बघितल्या. कुंडात उतरायला पाच दगडी पायऱ्या. प्रत्येकीवर शेवाळाची गादी. मी कठडा धरून उतरलो नसतो तर थेट त्या आठ-दहा जणांच्या मधोमध पोचलो असतो.

"याला सांग, पायऱ्यांना शेवाळ आहे. कोणी घासत नाही का?"

संजयने सांगितलं. रॉय पाण्यात बसूनच हात पसरून काही बोलला.

"तो म्हणतोय, ते नॅचरल आहे. नैसर्गिक. म्हणून ठेवलंय."

"गोचीडही नैसर्गिक असतो, म्हणावं. आम्ही म्हैस धुताना काढून टाकतो."

संजयने चार शब्दांत काहीतरी सांगितलं. रॉयने टोपी काढून छातीशी धरली आणि मला वाकून नमस्कार केला. गोचीड म्हटल्यावर कोणी छातीशी टोपी धरत नाही, एवढं मला तिसरीपर्यंतच्या शिक्षणातही कळतं.

"काय सांगितलंस त्याला?"

"सांगितलं की तुम्ही पण निसर्गाचा फार आदर करता."

"काठावर बसून खोटं. एक पायरी लागली तुला."

"बाबा, तो नियम इथे नाही."

"पाणी तर आहे ना?"

रात्रीचं जेवण सगळ्यांच्या सामाईक स्वयंपाकघरात. तिथे तरी नेसायची सक्ती आहे, त्यामुळे दुपारी ओळखीची झालेली माणसं ओळखू येईनात. मेघनाने पिठलं-भात केला. शेजारच्या बाईने मला प्रेमाने एक वाडगा दिला. त्यात मोड आलेलं कसलंतरी गवत, वर लिंबू. मीठ नाही. आमच्या बैलाने खाल्लं असतं, पण त्यालाही मी पेंड मिसळून देतो. मी तिला पिठलं दिलं. तिने डोळे मिटून खाल्लं, मग उरलेलंही खाल्लं, मग पातेल्याकडे बघितलं. पैज पिठल्याची असती तर तिथेच संपली होती.

दुसरा दिवस

उन्हाळ्याची परीक्षा घ्यायची आमची रीत आहे. मूठभर तांदूळ फडक्यात बांधायचे आणि झऱ्याच्या तोंडाशी दोरीने सोडायचे. आमच्याकडे माणूस आंघोळ करून, गप्पा मारून, कपडे नेसून येतो तोवर भात मऊ. पाहुणा आला की आम्ही हे करून दाखवतो. तांदूळ कोणाच्या बाजूने बोलत नाहीत.

म्हणून सकाळी मेघनाकडून मूठभर तांदूळ घेतले, संजयच्या रुमालात बांधले. कुंडाच्या वरच्या अंगाला कपारीतून झरा येतो, तिथे पुरचुंडी सोडली, दोरी दगडाला बांधली, आणि पाण्यात येऊन बसलो.

थोड्या वेळाने मागे वळून बघतो तर झऱ्यापाशी चार माणसं. कालची पिठलेवाली त्यात होती. पुरचुंडीभोवती अर्धगोल करून, मांडी घालून बसलेली, डोळे मिटलेले, तळहात वर. रॉयही आला आणि टोपी काढून बसला. कोणी बोलेना. मीही बोललो नाही, मला वाटलं यांच्यातलं कोणी गेलं की काय.

मग रॉयने हलक्या आवाजात संजयला काही विचारलं. संजयचा चेहरा मी आठवीतल्या त्या आठवड्यात पाहिला होता तसा झाला.

"काय म्हणतो?"

"विचारतोय, याचा अर्थ काय."

"भात, म्हणून सांग."

संजयने घसा खाकरला आणि बरंच लांब सांगितलं. ते ऐकून पिठलेवालीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"संजय, भाताला एवढे शब्द लागतात?"

"मी सांगितलं की हा आशीर्वाद आहे. म्हणजे, तुमच्या गावाकडून या पाण्याला."

"ही दुसरी पायरी."

खुर्चीतून, डोंगराकडे बघतच, मेघना म्हणाली, "दुसरी नाही बाबा, काल रॉयला त्याने सांगितलंय की तुम्ही आता इथेच राहणार. मी ऐकलं. तो तुमचं अभिनंदन करायला येणार होता."

"पैजेचा निकाल लागायच्या आत?"

संजय पाण्यात बघत राहिला.

"म्हणजे तीन," मी म्हटलं.

तासाने पुरचुंडी काढली. सगळे उठून बाजूला झाले, रॉयने मला वाट करून दिली. फडकं सोडलं. तांदूळ जसेच्या तसे, जरा फुगलेले, दाताखाली करकरीत. चार माणसांचे डोळे मिटून झाले तरी एक शीत शिजलं नव्हतं. मी एक दाणा चघळून सगळ्यांना दाखवला. ते हात पुढे करून प्रसाद मागायला लागले. दिला. कच्चा तांदूळ खाऊन माना डोलावत गेली सगळी.

"झालं," मी संजयला म्हटलं. "कोमट आहे तुमचं उन्हाळं."

"बाबा, भात शिजवायला कुकर आहे. पाणी अंगासाठी असतं. अंगाला काय वाटतं ते सांगा."

"संध्याकाळी सांगतो."

हे त्याचं बोलणं बरोबर होतं, आणि त्यामुळेच मला राग आला. दुपारभर रागातच पाण्यात बसलो. आमचं उन्हाळं चटका देतं, घटकाभर बसलं की माणूस लाल होऊन बाहेर पळतो. हे पळवत नाही. बसा म्हणतं. वर पिवळी झाडं, कडेने ओढ्याचं गार पाणी, आणि खालून ऊब हाडात चढते. एरवी तोंडाची टकळी चालवणारा मी, दोन तास कोणाला नावं ठेवली नाहीत.

चार वाजता चहाची तल्लफ आली म्हणून उठलो, अंग पुसलं, खाली निघालो. बावीस पायऱ्या उतरलो. तेविसाव्या पायरीवर लक्षात आलं की काठी वरच राहिली.

तिथेच उभा राहिलो. इकडे-तिकडे बघितलं. कोणी नव्हतं. परत बावीस चढलो, काठी घेतली, आणि उतरताना पहिल्यापेक्षा जरा जास्तच टेकत उतरलो. चहा पिताना मेघनाने विचारलं, "बाबा, गुडघा कसा आहे?" मी म्हटलं, आहे तिथेच आहे. हे केबिनमध्ये म्हटलं, काठावर नव्हे.

संध्याकाळी उन्हं डोंगरमाथ्यावर गेली. कुंडात मी आणि संजय दोघेच. मेघना खुर्ची घेऊन खाली गेली होती, डोंगरालाही सुट्टी हवी.

"बाबा, आता सांगा. कुठलं बरं?"

त्याने माझ्याकडे बघितलं नाही. पाण्यावर तळहात ठेवून बसला होता, लहानपणी बसायचा तसा. मला एवढं कळत होतं की मी आपलं बरं म्हटलं तर तो एवढ्यावर मानणारा आहे, उलटतपासणी करणार नाही. आणि नाही म्हटलं तरीही मानणारा आहे. गेल्या दोन दिवसांत तो जेवढं खोटं बोलला तेवढं मला ठेवून घेण्यासाठीच बोलला. पण फ्रिस्कोत मी संजयचा बाप आहे. वाडीत सकाळी दहा माणसं मला विचारतात, काका, आज पाणी कसं आहे?

"आपलं बरं," मी म्हटलं.

"नक्की?"

"तांदूळ बघितलेस ना."

"तांदूळ नाही बाबा, तुम्हाला काय वाटलं?"

"तेच. आपलं बरं."

त्याने पाण्यावरचा तळहात उचलला. मग म्हणाला, "ठीक आहे. वीस तारीख. मी सोडायला येतो." आणि तोंडावर पाणी मारून घेतलं, दोन-तीनदा.

तिसरा दिवस, सकाळ

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं उठायच्या आत मी शेगडीतली राख डब्यात भरली. सोडण त्या डोंगरात कुठलं मिळणार, केबिनमागे लाकडी दांड्याचा ब्रश होता तो घेतला. तांब्या घेतला. काठीही घेतली, पण काखेत.

कुंडावर कोणी नव्हतं, नुसती वाफ. वरच्या पायरीवर राख टाकली आणि घासायला बसलो. शेवाळ चिवट होतं, मालकाच्या टोपीएवढंच जुनं असावं. अर्धी पायरी झाली असेल तोवर मागे चाहूल लागली. संजय कॉफीचा मग घेऊन उभा होता.

तो पायरीकडे बघत नव्हता. माझ्याकडे बघत होता. मी उकिडवा बसलो होतो, दोन्ही गुडघे पूर्ण मोडून, टाचा जमिनीला टेकवून, आणि काठी चार हात लांब पडली होती. किती वेळ तसा बसलो होतो ते माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

मी उठलो नाही. आता उठून काय उपयोग?

त्याने कॉफीचा मग कठड्यावर ठेवला. पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. "माझ्या कुठल्या?" एवढंच विचारलं.

"खालच्या तीन. पाण्यातल्या. जपून, निसर्ग घसरतो."

"आणि मधली?"

"मधली मालकाची. तो नैसर्गिक म्हणाला होता."

तो पाण्यात उतरला, मी त्याला डबा दिला. माझ्या पायरीबद्दल त्याने विचारलं नाही. ब्रश एकच होता, तो मी त्याला दिला आणि रुमालाचा बोळा करून राहिलेलं घासलं, तोच रुमाल, तांदळाचा. थोड्या वेळाने रॉय आला, टोपी घालून, आम्हा दोघांकडे बघत उभा राहिला. संजय त्याच्याशी काही बोलला. या वेळी शब्द थोडे होते आणि रॉय हसला नाही. त्याने मान हलवली, आणि परत आला तो दुसरा ब्रश घेऊन. मधल्या पायरीवर बसला.

माझ्या पायरीचा दगड खालून तांबूस निघाला, चांगला, आमच्यापेक्षा चांगला. त्यावर तीन तांबे पाणी ओतलं. मग काठी उचलून कठड्याला टेकवून ठेवली आणि तशीच सोडून, संजयच्या देखत, त्रेचाळीस पायऱ्या उतरून खाली गेलो आणि वीस तारखेच्या हिशोबाने माझी पेटी भरली.